वजनकाटा राहू द्या, सुतळी आणा

माझ्या दादाचं वजन ६४ किलो, उंची साडेपाच फूट. काट्यावर माणूस अगदी ठीक. फक्त पोट सुटलंय. इंदूरला रामबागेतल्या घरी सगळे कौतुकाने म्हणतात, खात्यापित्या घरची खूण! गेल्या महिन्यात रिपोर्ट आले: उपाशीपोटी साखर ११२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) २१०, बीपी १३६/८८. तिन्ही वाढलेले. वहिनी म्हणाली, "अहो, एवढ्या बारीक माणसाला?"

हो, बारीक माणसालाच. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि ब्रिटिश डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपली गोष्ट त्या फोटोत आहे.

कातडीखालची, चिमटीत येणारी चरबी त्या मानाने निरुपद्रवी. घात करते ती आतड्यांभोवतीची. तिच्यातली स्निग्धाम्लं थेट यकृतात जातात. मग यकृत इन्सुलिनला दाद देईनासं होतं, नको तेव्हा साखर बनवतं, रक्तात ट्रायग्लिसराइड सोडतं. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवून किल्ला लढवतं, आणि बऱ्याच जणांचं एक दिवस थकतं. हे सगळं वर्षानुवर्षं चालतं, काही न दुखता. म्हणून मला त्या 'खुणे'चा इतका राग येतो.

आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत बीएमआयने लठ्ठ ठरले २८.६ टक्के, पोटाच्या घेराने ३९.५. या दोन आकड्यांच्या मधल्या लोकांना काटा काहीच सांगत नाही.

आपल्याकडे घेराची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. पँटचा नंबर सांगू नका, पँट पोटाखाली बांधतात. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडून, पोट आत न ओढता. टेप नसेल तर उंचीएवढी सुतळी कापून दुमडा. ती अर्धी सुतळी तिथे भोवती पुरायला हवी.

सकाळचे पोहे सोडा असं इंदूरच्या माणसाला मी सांगणार नाही. पण घरी जेवून पुन्हा रात्री अकराला सराफ्यातल्या खाऊगल्लीत? ते थांबवा. आणि पोटाचे पट्टे विकत घेऊ नका, भरभर चाला. वजन फारसं हललं नाही तरी आतली चरबी उतरते.

रविवारी दादाला सुतळी लावली. चार बोटं कमी पडली. तो गप्पच बसला. मग वहिनीने स्वतःच्या उंचीची दुसरी सुतळी कापली.