इथल्या शंका, तिथली गल्ली

सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ ला दिल्लीतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं आणि २२ ऑगस्टला तो आदेश बदलून, नसबंदी-लसीकरण करून उचलली तिथंच सोडा म्हटलं. पिसाळलेली आणि अंगावर येणारी तेवढी वगळून. तेव्हापासून कोल्हापूरच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर डोकावलं तर दोन तट दिसतात. एक कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांचा, दुसरा रात्री रंकाळ्याकडून गाडीवर येताना पाय वर घेणाऱ्यांचा. दोघांचंही दुखणं खरं आहे. पण या भांडणात एक कुत्रं कुणाच्याच तोंडी येत नाही. त्याच्या गळ्यात पट्टा असतो, ते सोफ्यावर झोपतं आणि त्याचं लसीचं पुस्तक दोन वर्षं कपाटात पडलेलं असतं.

मालकाला विचारलं की ठरलेली उत्तरं येतात. "घरातच असतंय की, कुठं जातंय बाहेर?" नाहीतर, "पिल्लू असताना दिलीत सगळी इंजेक्शनं." अलीकडं तिसरं उत्तर ऐकू येतं: "फार लसी देऊ नयेत, परदेशात आता कोण देत नाही." हे तिसरं आमच्यासारख्या ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांच्या फॉरवर्डमधूनच गावाकडं गेलंय, म्हणून त्याचा हिशेब इथूनच झालेला बरा.

इथं ब्रिटनमध्ये घरच्या कुत्र्याला रेबीजची लस देण्याची सक्ती नाही, हे खरं. अमेरिकेत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत निम्म्याहून जास्त कुत्रेमालकांनी लसींबद्दल काही ना काही शंका बोलून दाखवली. लसीनं कुत्र्याला ऑटिझम होईल असं वाटणारेही त्यात बरेच होते. कुत्र्यात असलं निदानच केलं जात नाही, पण भीतीला त्याचं काय!

आता ब्रिटनचं दार कसं राखलंय ते बघा. कोल्हापूरहून कुत्रं इथं आणायचं तर आधी ओळखीसाठी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, तीही पिल्लू किमान १२ आठवड्यांचं झाल्यावर. लसीनंतर किमान ३० दिवस गेल्यावर रक्त घ्यायचं. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत मिलिलिटरला निदान ०.५ युनिट प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी रक्तातली द्रव्यं) निघायला हवीत, आणि रक्त घेतल्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. इथं पोचण्याच्या १२० ते २४ तास आधी पट्टकृमीचं (पोटातल्या चपट्या जंतांचं) औषध. चिप बसवण्याआधी लस दिली असेल तर ती धरत नाहीत, पुन्हा पहिल्यापासून. २०११ सालापर्यंत तर भारतातून आणलेलं कुत्रं सहा महिने कोंडून ठेवावं लागे. इथला मालक लस टाळतो तो या कुंपणाच्या आत बसून, आणि त्याच्या रस्त्यावर भटकं कुत्रं क्वचितच दिसतं. राजारामपुरीतल्या गल्लीला असलं कुंपण कुठलं? सकाळी दूधवाल्यासाठी फाटक उघडलं की आपलं "घरातलं" कुत्रं कोपऱ्यावरच्या टोळीला नाक लावून परत येतं. शेतावर राखणीला असलेलं तर ऊसतोडीच्या दिवसांत फडातून निघालेल्या मुंगसाशी, कोल्ह्याशी भिडतं.

शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस झाली की रेबीजची साखळी तुटते, असा जगभर मानलेला ठोकताळा आहे. भटक्याला त्यासाठी जाळं टाकून पकडावं लागतं. तुमचं कुत्रं नुसती हाक मारली की येतं.

"फार लसी" या तक्रारीत तथ्य अजिबात नाही असंही नाही. पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगांची लस मोठ्या कुत्र्याला दर वर्षी लागत नाही, तीन वर्षांनी पुरते, हे पशुवैद्यक स्वतःच सांगतात. पण हा हिशेब लेप्टोच्या, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या, लसीला लागू पडत नाही. तिचं संरक्षण जेमतेम वर्षभर टिकतं. सुरुवातीला दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस आणि पुढं दर वर्षी एक. ब्रिटनमध्ये याच लसीवरून सगळ्यात जास्त ओरड चालते. पण कोल्हापुरात जिथं पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडते आणि उंदरांचं मूत मिसळलेलं पाणी गल्लीत शिरतं, तिथं ती टाळणं म्हणजे माणसांनाही धोक्यात घालणं. आजारी कुत्र्याच्या लघवीतून हे जंतू घरातल्यांना लागू शकतात.

रेबीजची लस काही देशांत तीन वर्षं धरतात, हेही खरं. आपल्याकडं दर वर्षीचाच रिवाज आहे आणि तो ठेवावा, कारण डोस थंड राहिला होता याची खात्री देणं अवघड. लस २ ते ८ अंशांत राहावी लागते. मेडिकलमधून घेऊन पिशवीत थेट बर्फाला चिकटवून गाडीवरून नेली तर ती गोठते, आणि गोठलेली मृत-विषाणूची लस वरून धड दिसली तरी निकामी झालेली असते. मधे कागद किंवा फडका हवा. त्यापेक्षा दवाखान्यातल्याच फ्रीजमधून घेतलेली बरी. कुपीवरचा स्टिकर सोलून पुस्तकात चिकटवून घ्या. त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते. नुसत्या सहीचा उपयोग नाही. टोचल्यावर अर्धा तास तिथंच थांबा. तोंड सुजणं, उलट्या, धाप असली खरी ॲलर्जी बहुधा तेवढ्यातच दिसते. एक-दोन दिवस मरगळ, टोचल्या जागी गाठ, हे चालायचंच.

पिल्लाला लागोपाठ डोस का, हा नेहमीचा प्रश्न. आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडं लसीलाच मारतात आणि ती कधी ओसरतील ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळा आठवडे होईपर्यंत पार्व्हो-डिस्टेंपर. रेबीज तीन महिन्यांना, आणि वर्षानं पुन्हा. मांजरालाही रेबीजची लस लागते. तिचं तर नावही कोण काढत नाही.

सगळ्यात वाईट गडबड होते ती पिल्लामुळंच. कुठून तरी आणलेलं दोन-तीन महिन्यांचं पिल्लू घरातल्या सगळ्या पोरांना दातानं कुरतडतं, आणि "आपलंच आहे" म्हणून कुणी मनावर घेत नाही. रेबीज दर वेळी फेस गाळत धावत येत नाही. मुक्या प्रकारात जबडा लोंबतो, लाळ गळते, पाणी गिळवत नाही. मालकाला वाटतं हाडूक अडकलं, आणि तो थेट तोंडात हात घालतो.

ओरखडा असो वा चावा, वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं. हळद, चुना, मिरचीपूड नको. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा: रेबीजची लस कातडीत ०.१ मिलिलिटर दोन ठिकाणी, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल किंवा लाळ जखमेला, तोंडा-डोळ्याला लागली असेल तर सीरमही, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. जखम असेल तर ते जखमेतच भरतात. कुत्र्याला लस झालीय म्हणून थांबायचं नाही. त्याला बांधून दहा दिवस बघायचं, ठणठणीत राहिलं तर पुढचं डॉक्टर ठरवतील. दहा दिवसांत मेलं तर लगेच पुरू नका. रेबीजची खात्री मेंदूच्या नमुन्यावरूनच होते, तेव्हा आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला फोन करा, आणि तोवर त्याला उघड्या हातानं कुणी शिवायचं नाही.