वायफाय लावलं म्हणून किराया वाढत नाही

घरमालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला आहे, तुमच्याकडेही आला असेल. मतलब असा की एक ब्रॉडबँड कनेक्शन घ्या, महिन्याला 500 रुपये, त्यावर सहा रूमला वायफाय द्या आणि प्रत्येक रूमचा किराया 1000 ने वाढवा, 6000 आले 500 गेले, 5500 सरळ नफा. शिवाय किरायेदार सोडून जात नाही, कटकट काही नाही, कायद्याची अडचण नाही, आणि कोणी किराया थकवला तर पासवर्ड बदलून टाका, दुसऱ्या दिवशी पैसे हातात.

माझं कामच नागपुरात नेटवर्किंगचं आहे, हिंगणा रोड, वानाडोंगरीच्या पोरांच्या रूमा, नंदनवन, मानेवाडा, बेसा, सगळीकडे वायरी टाकून दिल्या आहेत. हा मेसेज वाचून लोक खरोखर किराया वाढवून राहिले, म्हणून एकेक गोष्ट घेतो.

आधी ते 500 रुपये. जाहिरातीत 399 लिहिलेला प्लॅन 18 टक्के जीएसटी लागून 471 ला पडतो आणि तो 30 एमबीपीएसचा, म्हणजे नेटचा वेग 30, असतो. सहा रूम म्हणजे आठ-दहा पोरं, रात्री सगळे एकदम ऑनलाइन, तिथे 30 मध्ये भागत नाही. 100 एमबीपीएसचा 699 वाला घेतला तर जीएसटीसकट 825. आता लोक म्हणतात की एवढ्या जणांना 100 पण कमी पडतं, तर तसं नाही, एचडी व्हिडिओला साधारण 5 एमबीपीएस लागतात, त्यामुळे दहा जणांत 100 आरामात पुरतं. गोची लाइनमध्ये नसते, घरात असते. राउटर खालच्या हॉलमध्ये, भिंती नऊ इंची विटांच्या, वर दोन स्लॅब, तर वायफायचं 5 गीगाहर्ट्झचं सिग्नल, वेगवान पण कमी पल्ल्याचं, दुसऱ्या भिंतीतच संपतं, आणि 2.4 गीगाहर्ट्झचं वर पोचतं पण त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनल, म्हणजे सिग्नलच्या वाटा, तीनच, 1, 6 आणि 11, आणि दाट वस्तीत शेजारपाजारचे सगळे राउटर त्याच तीन चॅनलवर बसलेले असतात. मग मोबाइलवर रेंज फुल दिसते आणि पेज उघडत नाही, पोरगा समजतो कंपनी खराब आहे आणि मालक समजतो पोरगा खोटं बोलून राहिला. ह्याला इलाज एकच, प्रत्येक मजल्यावर कॅट सिक्स वायर (नेटची केबल) आणि तिथे अ‍ॅक्सेस पॉइंट (त्या मजल्याला वायफाय देणारी डबी), खाली ह्या वायरी जोडायला एक स्विच, आणि लाइट गेली तर राउटरसाठी छोटा यूपीएस. हा सगळा खर्च मेसेजमध्ये कुठेच नाही.

आणि आपलं ऊन! बहुतेक घरगुती राउटर 0 ते 40 डिग्रीसाठी बनवलेले असतात, त्याच्या कागदावर छापलेलं असतं. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि लोक राउटर ठेवतात गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत, जिन्याच्या वरच्या टोकाला. तो दुपारी हँग होणारच, आणि फोन मालकालाच येणार, कारण इंटरनेटचे पैसे तुम्ही घेतले आहेत, कंपनीने नाही. एखाद्याची कॅम्पस प्लेसमेंटची ऑनलाइन टेस्ट रूमवरून चालू आहे आणि मधेच नेट गेलं तर त्याचं वर्ष जातं हो. कटकट नाही असं लिहिणाऱ्याने असा फोन घेतलेला नाही.

आता मुख्य दावा, 1000 रुपये जास्त मिळतात. कोण देणार? ऑक्टोबर 2022 मध्ये एअरटेलने 5जी सुरू केलं तेव्हा पहिल्या आठ शहरांत नागपूर होतं, म्हणजे पोरांच्या खिशात चांगलं नेट आधीपासून आहे. एखाद्या रूममध्ये तिघं राहत असतील आणि त्यांनी स्वतःचं 825 चं कनेक्शन घेतलं तर डोईपाठी 275 पडतात, वर पूर्ण स्पीड त्यांचा. तुमच्या 1000 त डोईपाठी 333 आणि वाटेकरी सगळं घर. एवढा हिशेब बारावीचं पोरगं सुद्धा करतं. बरं, नेटची खरी गरज असते ती मिहानमधल्या (विमानतळाजवळचा कंपन्यांचा भाग) किंवा आयटी पार्कमधल्या, घरून काम करणाऱ्या लोकांना, पण ज्यांची कंपनी इंटरनेटचे पैसे परत देते त्यांना सहसा स्वतःच्या नावाचं बिल लागतं, ते तुमच्या वायफायवर मिळत नाही, त्यामुळे ज्या गिऱ्हाइकासाठी हे लावलं त्यालाच ते नको असतं. रूम पाहायला येणारा माणूस इथे काय विचारतो, मीटर वेगळं आहे का, कूलरला पॉइंट आणि पाणी आहे का, गाडी आत लागते का, गेट किती वाजता बंद होतं. 1000 जास्त मिळालेच तर ते ह्यातल्या एखाद्या गोष्टीचे मिळतात.

कायद्याची अडचण नाही, हे तर साफ चूक. कनेक्शन तुमच्या नावावर आहे. 2008 च्या अहमदाबाद बॉम्बस्फोटांच्या वेळचा धमकीचा ईमेल नवी मुंबईत किरायाने राहणाऱ्या एका परदेशी माणसाच्या वायफायवरून गेला होता, त्याचा काडीचा संबंध नव्हता तरी पोलीस आधी त्याच्याच दारात आले. पुढच्या वर्षी दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना काढल्या त्या ह्याच काळजीतून. सहा रूमला एकच पासवर्ड दिला आणि कोणी ऑनलाइन फ्रॉड केला तर बाहेरून सगळे तुमच्याच कनेक्शनच्या एका इंटरनेट पत्त्याने (आयपी) दिसतात, कोणती रूम हे तुम्ही कसं सांगणार? शिवाय घरगुती प्लॅनच्या अटींमध्ये पुढे विकायची परवानगी नसते, आणि रूममागे 1000 घेऊन नफा काढणं म्हणजे विकणंच झालं. रीतसर विकायचंच असेल तर केंद्राची पीएम-वाणी ही सार्वजनिक वायफायची योजना आहे, डिसेंबर 2020 ची, त्यात छोट्या दुकानदारालाही लायसन्स न घेता वायफाय देता येतं, पण ते योजनेत जोडलेल्या अ‍ॅग्रिगेटरमार्फत (अशा छोट्या वायफायवाल्यांना एकत्र जोडणारी कंपनी) आणि प्रत्येकाच्या स्वतःच्या लॉगिनने. टॅक्सचंही ऐका, किरायाच्या उत्पन्नातून सरसकट 30 टक्के वजावट मिळते, त्यात वायफायचं बिल किरायात मिसळून दिलं तर ते वेगळं वजा होत नाही.

पासवर्ड बदलून टाका, हे वाचून मला खरंच राग आला. एक तर त्या पासवर्डवर बाकीच्या पाच रूमाही आहेत, त्यांनी वेळेवर पैसे दिले त्यांचं काय. एमपीएससीची तयारी करणारी पोरगी घरून मनीऑर्डर उशिरा आली म्हणून दहा दिवस मागे पडली, तर तिचं लेक्चर बंद करायचं? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 29 घरमालकाला किरायेदाराची अत्यावश्यक सेवा तोडू देत नाही. त्यात पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, साफसफाई अशी नावं आहेत, इंटरनेट नाही, हे खरं. पण त्याच कायद्याचं कलम 55 वाचा. करार लेखी आणि रजिस्टर करणं मालकाची जबाबदारी आहे, आणि तो केला नसेल तर वादात किरायेदार सांगेल तीच अट खरी धरतात, मालक उलटं सिद्ध करेपर्यंत. तो म्हणाला की किरायात नेट होतं आणि ह्यांनी बंद केलं, तर तुमच्याकडे दाखवायला काय आहे, व्हॉट्सअ‍ॅपवरचा फॉरवर्ड?

घर बांधून राहिले असाल किंवा रंगरंगोटी निघाली असेल तर प्रत्येक रूमपर्यंत एक रिकामा पाईप आणि नेटच्या वायरीचा एक (लॅन) पॉइंट काढून ठेवा, ज्याला हवं तो आपल्या नावाने, आपल्या पैशाने कनेक्शन घेईल, कंपनीच्या माणसाला भिंत फोडावी लागणार नाही. आणि पोरं सतत बदलतात म्हणून तुम्हालाच द्यायचं असेल तर जरूर द्या, पण प्रत्येक रूमला वेगळा पासवर्ड, बिल जितकं आलं तितकंच भागून घ्यायचं, बिलाचा फोटो पोरांना पाठवायचा, आणि रजिस्टर करारात एक ओळ टाकायची की नेट सलग तीन दिवस बंद राहिलं तर तेवढे पैसे पुढच्या महिन्यात कमी होतील.