यूजरनेम बदलून जुन्या कमेंटवरचं नाव जात नाही

‘कमेंटमधून आपलं नाव गायब करा, फक्त एका मिनिटात!’ हा मेसेज गेल्या आठवड्यात मला तीनदा आला. दोनदा सोडून दिला. तिसऱ्यांदा तो भाचीनं पाठवला, तोही उपाय करून झाल्यावर. एका संशोधन-लेखाच्या वर्ड फाइलवर कमेंट लिहून केलेलं गुप्त परीक्षण तिला दोन तासांत पाठवायचं होतं. लेखकाला परीक्षकाचं नाव कळू नये, एवढीच अट. ‘मावशी, नाव बदललं, पण सगळ्या कमेंटवर अजून माझंच दिसतंय गं!’

दिसणारच. मेसेजमधला पहिलाच उपाय तद्दन खोटा आहे: ‘वर्डच्या ऑप्शन्समध्ये जाऊन यूजरनेम बदला, जुन्या-नव्या सगळ्या कमेंटवरचं नाव बदलेल.’ अहो, कमेंट लिहिली त्याच क्षणी नाव तिच्यासोबत फाइलमध्ये नोंदलं जातं. पटत नसेल तर फाइलची एक प्रत करा, शेवटचं ‘डॉकएक्स’ खोडून ‘झिप’ लिहा आणि उघडा. आत ‘वर्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये कमेंट्सची एक्सएमएल फाइल सापडेल. प्रत्येक कमेंटला लेखकाचं नाव आणि आद्याक्षरं चिकटवलेली दिसतील, बहुतेक वेळा तारीख-वेळसुद्धा. ऑप्शन्समध्ये काहीही लिहा, त्या जुन्या नोंदींना त्याचा पत्ताही लागत नाही. पुढच्या कमेंटपुरता हा उपाय चालतो, हे नाइलाजानं मान्य करते. पण तुम्ही खात्यातून लॉगिन असाल, तर ‘साइन-इन काहीही असो, हेच नाव वापरा’ अशा अर्थाच्या पर्यायावर टिकही तिथेच करावी लागते. मेसेजवाल्याला तिचा पत्ताच नाही.

हा उपाय नुसता निरुपयोगी असता तर मी गप्प बसले असते. तो माणसाला निर्धास्त करतो, आणि तशीच फाइल पुढे जाते. फाइलच्या पोटातली नावं काय करू शकतात याचं उदाहरण जुनं आहे. फेब्रुवारी २००३मध्ये ब्रिटिश सरकारनं इराकवरचा अहवाल वर्ड फाइलच्याच रूपात वेबसाइटवर टाकला. फाइल शेवटी कुणाकुणाच्या हातून गेली याची यादी आतच राहिली होती, आणि ती वाचणाऱ्यांनी अधिकाऱ्यांची नावं जाहीर केली. ती नावं कमेंटमधली नव्हती, मान्य. पण पडद्यावर दिसत नाही म्हणजे फाइलमध्ये नाही, ही समजूत तेव्हाच निकालात निघायला हवी होती.

मेसेजमधले पुढचे उपायही असेच. ‘कमेंट रिझॉल्व्ह करा (म्हणजे निकाली निघाल्याची खूण करा), नाव जातं.’ नाही. धागा मिटतो, कमेंट नावासकट फाइलमध्येच राहते. ‘नो मार्कअप निवडा’, म्हणजे कमेंट न दाखवणारा पर्याय घ्या, हे तर निव्वळ पडदा ओढणं. समोरच्यानं ‘ऑल मार्कअप’ केलं की सगळं पुन्हा हजर.

‘गूगल डॉकमधून डाउनलोड करा’ यात अर्धं सत्य आहे. पीडीएफ उतरवलीत तर नावं खरंच जातात, कारण कमेंटच जातात! मग परीक्षण पाठवलं काय आणि कोरा कागद पाठवला काय. वर्ड फाइल उतरवलीत तर कमेंट येतात, नावंही येतात.

मग करायचं काय? आधी मूळ फाइल वेगळी ठेवा, कारण यानंतर सगळ्या परीक्षकांची नावं एकसारखी होतात आणि कुठली कमेंट कुणाची हे पुन्हा कळत नाही. मग प्रतीवर: फाइल, इन्फो, चेक फॉर इश्यूज, इन्स्पेक्ट डॉक्युमेंट. तपासणी झाली की ‘डॉक्युमेंट प्रॉपर्टीज अँड पर्सनल इन्फर्मेशन’समोरचं ‘रिमूव्ह ऑल’ दाबा आणि सेव्ह करा. नावांच्या जागी नुसतं ‘ऑथर’ येतं. घाईत कमेंट्सच्या ओळीसमोरचं ‘रिमूव्ह ऑल’ मात्र दाबू नका, त्यानं कमेंटच पुसल्या जातात. लिबरऑफिसमध्ये सुरक्षेच्या पर्यायांत सेव्ह करताना वैयक्तिक माहिती काढायची सोय आहे.

भाचीची फाइल पंधरा मिनिटांत साफ झाली. पाठवण्याआधी म्हटलं, एकदा सगळ्या कमेंट वाचून काढ. चौदाव्या कमेंटमध्ये बाईसाहेबांनी लिहिलं होतं: ‘या मुद्द्यासाठी माझा मागच्या वर्षीचा लेख पाहावा.’ ती ओळ तिला हातानंच खोडावी लागली.