फ्लॅपची दांडी म्हणजे नुसती दांडी नव्हे

अलास्कात लहान विमानं उडवणाऱ्या मंडळींत एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. आता तो तिकडे प्रशिक्षणाला गेलेल्या आपल्या मुलामुलींच्या फोनवर मराठीतही येऊन पोचलाय. सल्ला असा: सेस्ना १८० किंवा १८५ या विमानांत फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे, खाली झुकवून उचल वाढवणारे पत्रे) ओढायची दांडी असते, तिला वर पंधराएक सेंटिमीटर नळी वेल्ड करा आणि दांडीला जागेवर धरणाऱ्या खटक्याच्या खाचा कानशीनं जरा घासून घ्या. मग ओढायला जोर निम्मा लागेल, विमान निम्म्या अंतरात उचलेल. कागदपत्रांची भानगड नाही, कारण दांडी ती दांडी. आणि तिकडे सगळेच करतात.

मी याच विमानांच्या देखभालीचं काम करतो. हा सल्ला मला मनापासून काळजीत टाकतो, कारण त्यातलं दुखणं (दांडी जड लागते, हात पोचत नाही) खरं आहे आणि औषध चुकीचं.

ज्यांनी ही दांडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. १८० हे १९५३ चं विमान, १८५ हे १९६१ चं. दोन्हींना शेपटीखाली चाक. नदीकाठच्या गोट्यांवर, बर्फावर, फ्लोट लावले तर तळ्यावरही उतरतात. भावंडांपैकी १७२ ला १९६५ मध्ये इलेक्ट्रिक फ्लॅप आले, पण या दोघांची हाताची दांडी शेवटपर्यंत टिकली. १८० चं उत्पादन १९८१ ला थांबलं, १८५ चं १९८५ ला. पुढच्या दोन सीटांच्या मधे, गाडीच्या हँडब्रेकसारखी ती असते. फ्लॅप शून्यावर असले की दांडी जमिनीलगत आडवी, चाळीस अंशांवर जवळजवळ उभी. टोकाला अंगठ्यानं दाबायचं बटण असतं. बटण दाबलं की नळीच्या आतली बारीक सळई खाली सरकते आणि खटका खाचेतून सुटतो. बटण सोडलं की स्प्रिंग खटक्याला पुढच्या खाचेत बसवते. वैमानिक या दांडीवर जीव टाकतात ते उगाच नाही. मोटरची वाट बघावी लागत नाही, हाताच्या एका ओढीत फ्लॅप खाली येतात.

आता ‘दांडी ती दांडी’ या मुद्द्याकडे येऊ. माझ्या हातातून गेलेली एक दांडी अशीच लांबवलेली होती. वेल्ड बाहेरून सुरेख, घासून गुळगुळीत केलेला. पण जोडाच्या आतल्या बाजूला धातूचा ओघळ राहिला होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. आतली सळई परत येताना त्याला अडत होती. बटण सोडलं तरी ते पूर्ण वर येत नव्हतं, आणि खटका खाचेच्या कडेवर अर्धवट टेकत होता. विमान हँगरमधे उभं होतं. मी फ्लॅप वीस अंशांवर लावले आणि दांडीला तळहातानं हलकी थाप मारली. खटका सुटला आणि दांडी सरळ जमिनीवर जाऊन आदळली.

हेच उतरताना, झाडांच्या शेंड्यांवर, चाळीस अंशांचे फ्लॅप आणि कमी वेग असताना झालं तर? फ्लॅप एकदम मिटतात, त्यांनी दिलेली उचल क्षणात जाते आणि विमान खाली बसतं. खाली जागा असेल तर ठीक. विमानाच्या पुस्तकात उतरणं सोडून पुन्हा वर जायची पद्धत अशी दिलीय: आधी पूर्ण पॉवर, मग फ्लॅप वीसवर, आणि पुरेसा वेग आला की उरलेले फ्लॅप हळूहळू मिटायचे. एवढी जपून करायची गोष्ट एका घासलेल्या खाचेवर सोपवायची? खाचेची धार हेच तर तिचं काम. ती गोल केली की खटका पटकन बसतो हे खरं, पण तितक्याच पटकन निसटतोही.

‘निम्मा जोर’ हा हिशोबच चुकलाय. समजा दांडी पन्नास सेंटिमीटरची आहे. पंधरा वाढवले तर पासष्ट. जोर पन्नास भागिले पासष्ट, म्हणजे २३ टक्क्यांनी कमी. निम्मा नाही. उलट हाताला ३० टक्के जास्त अंतर कापावं लागतं. दांडी वर येता येता तिचं टोक कोपराच्या मागे जाऊ लागतं, आणि फ्लॅपवर हवेचा दाब सर्वात जास्त असतो तोही याच शेवटच्या टप्प्यात. जिथे ताकद हवी तिथे हात वाकडा. शिवाय घाईत माणूस मोजून ओढत नाही, नेहमीच्याच जोरानं ओढतो. तोच जोर लांब दांडीवर पडला की खालच्या सांध्यावर, बोल्टवर आणि वेल्डवर ३० टक्के जास्त ताण येतो. सामान चढवताना याच दांडीला धरून आत शिरणारेही मी पाहिलेत.

आणि जड लागणं हा दोष नाही, तो निरोप आहे. हवेचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी ऐंशी मैलांऐवजी शंभरवर तोच फ्लॅप काढला तर दाब दीडपटीहून जास्त, १.५६ पट. दांडी हाताला विरोध करतेय म्हणजे विमान सांगतंय, वेग जास्त आहे, आधी तो कमी कर. हा निरोप आपण होऊन का पुसायचा?

निम्म्या अंतरात उड्डाण, याचा दाखला म्हणून दरवेळी व्हाल्डीझचं नाव येतं. अलास्कातल्या व्हाल्डीझला मे महिन्यात कमीत कमी अंतरात उड्डाण आणि लँडिंगची स्पर्धा भरते. तिथले उस्ताद आधी फ्लॅप मिटलेले ठेवून वेग घेतात आणि नेमक्या क्षणी दांडी खेचतात. हे तंत्र खरं आहे, उपयोगी आहे, पाण्यावरून फ्लोट सोडवताना तर फारच. पण ते मूळ दांडीनंही होतं. अंतर प्रामुख्यानं कमी होतं ते वाऱ्यानं आणि वजनानं. विमान पन्नास नॉट्सना (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) जमीन सोडत असेल आणि समोरून पंधरा नॉट्सचा वारा असेल, तर जमिनीवर घ्यायचा वेग उरतो पस्तीस. धाव साधारण वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. पस्तीस भागिले पन्नास, त्याचा वर्ग ०.४९. निम्मं अंतर हे असं, नुसत्या वाऱ्यानं. वजन वीस टक्क्यांनी कमी केलं की धाव सुमारे ०.६४ वर येते. स्पर्धेत एकटा माणूस आणि बेतापुरतं इंधन असतं. गावाला टपाल, किराणा आणि दोन प्रवासी नेणाऱ्या १८५ शी त्याची तुलना कशी करणार? शिवाय तिथे सर्वात कमी अंतर काढणारी विमानं बहुधा प्रायोगिक वर्गातली असतात, त्यांचे नियमच वेगळे.

कागदपत्रांचं थोडक्यात. विमान देखभालीच्या अमेरिकी नियमांच्या भाग ४३ च्या परिशिष्ट ‘अ’ मध्ये मोठ्या बदलांची यादी आहे आणि तिच्यात कंट्रोल सिस्टीम स्पष्ट लिहिलीय. मान्यता मिळालेलं किट असेल तर ते बसवा, नसेल तर मंजूर आराखडा घ्या, आणि दोन्हींत मोठ्या बदलाची नोंद करणारा फॉर्म ३३७ भरा. हे विमानाच्या मालकाला कटकटीचं वाटतं, समजू शकतो. पण त्या फॉर्मपायीच वेल्डच्या आतला ओघळ कुणीतरी बघतो.

राहिलं मूळ दुखणं. खांद्यावरचा पट्टा आवळला की शून्यावरच्या दांडीपर्यंत हात पोचत नाही, आणि मग लोक पट्टाच सोडतात. ही तक्रार शंभर टक्के खरी आहे, बुटक्या वैमानिकांची तर फारच. त्यावर आपोआप गुंडाळणारा, झटका बसला की लॉक होणारा पट्टा मिळतो. तो मंजुरी असलेला घ्या. सीट किती पुढे येते तेही बघा, आणि ते बघताना सीट ज्यांवर सरकते त्या रुळांची, सीट अडकवायची भोकं तपासाच. झिजलेल्या रुळांवरून सीट उड्डाणाच्या धावेतच मागे सरकल्याचे प्रकार घडलेत. १९८७ चा सेस्नाच्या सीटरुळांचा सक्तीचा आदेश त्यासाठीच निघाला, आणि २०११ मध्ये नव्या आदेशानं त्याची जागा घेतली.

दांडी खरोखर अति जड वाटत असेल तर इंजिन बंद ठेवून, विमान जमिनीवर उभं असताना ती शून्यापासून चाळीसपर्यंत ओढून बघा. तिथे हवेचा दाब नाही. तरीही जड गेली, तर वेल्डिंग मशीनकडे न जाता पंखामागच्या फ्लॅपच्या रुळांकडे जा. नदीकाठचा चिखल आणि वाळू तिथल्या रोलरमध्ये जाऊन बसते. मी एका १८५ चे रोलर काढले तेव्हा दोन फिरतच नव्हते, एका बाजूनं चपटे झाले होते. ते बदलले, पुल्या साफ केल्या, तारांचा ताण पुस्तकाप्रमाणे लावला. मालकानं येऊन दांडी ओढली, पुन्हा खाली सोडली, पुन्हा ओढली, आणि सोबत आणलेला नळीचा तुकडा परत गाडीत टाकला.