खुलासा : कांद्याचा प्रश्न ‘दाबला’ नाही

‘लोकसभेत आपल्या कांद्याचा प्रश्न दाबला, वर कोट्यवधींच्या मागण्या चर्चेविना मंजूर, हे बेकायदा!’ असा मेसेज लासलगाव-निफाडच्या ग्रुपांवर फिरतोय.

प्रश्नोत्तराचा तास एकच. यादीत 20 तारांकित प्रश्न (म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे) असतात, क्रम सोडतीने ठरतो. मोजकेच तोंडी घेतले जातात. उरलेल्यांची लेखी उत्तरं त्याच दिवशी पटलावर ठेवतात, ती लोकसभेच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. हुकतो तो मंत्र्यांना उभ्या उभ्या उपप्रश्न विचारायचा मोका. नुकसान खरं तिथे आहे!

चर्चेविना मंजूर झालेल्या मागण्यांचं, म्हणजे मंत्रालयांनी खर्चासाठी मागितलेल्या पैशांचं म्हणाल तर त्याला ‘गिलोटिन’ म्हणतात. ठरलेली वेळ संपली की उरलेल्या मागण्या एकदम मताला टाकतात. पटो न पटो, नियमात बसतं.