आपली संस्कृती पाच हजार वर्षे जुनी कशी करावी

संस्कृती जुनी हवी, एवढे सगळ्यांनाच कळते. किती जुनी, इथे नवशिके अडतात. पाच हजार हा आकडा धरून चाला. तीन हजार म्हटले तर ऐकणारा पुरावा मागतो, पन्नास हजार म्हटले तर हसतो. पाच हजारांना लोक नुसती मान डोलावतात. गावाची, तालुक्याची किंवा एकदम राष्ट्राची संस्कृती जुनी करून घ्यायला ज्या समित्या बसल्या आहेत, त्यांच्यासाठी ही कृती. उदाहरणे गोव्याची घेतली आहेत, कारण इथे कच्चा माल भरपूर आहे आणि समित्याही.

सर्वांत आधी रेघ मारा. रेघ म्हणजे एक साल. त्याच्या अलीकडचे सगळे परके, पलीकडचे सगळे आपले. गोव्यात ती आयती मिळते: 1510. पोर्तुगीज सेनानी आफोंसो द आल्बुकेर्कने तिसवाडी तालुका घेतला ते साल. तिथून 1961 पर्यंत 451 वर्षे. भाषणात ‘साडेचारशे वर्षांची गुलामी’ म्हटले की सभागृह गंभीर होते. तुमची समिती पेडण्यातली असेल तर मात्र जपून. पेडणे पोर्तुगीजांकडे गेले 1788 ला, म्हणजे तुमच्या वाट्याला 173 वर्षेच येतात. फोंडा, डिचोली, सत्तरी, काणकोण हे सगळे नव्या काबिजादीतले, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून घेतलेले, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. ही बाब व्यासपीठावर काढू नका. गुलामीतसुद्धा शेजारच्या तालुक्यापेक्षा आपण कमी भरलो, हे कोणाला रुचत नाही. शिवाय रेघेच्या पलीकडे पाऊल टाकल्या टाकल्या आदिलशाही लागते. तिच्याकडे न बघता सरळ कदंबांवर उडी मारायची. तांबडी सुर्लाचे काळ्या पाषाणाचे महादेव मंदिर तिथे उतरायला सोयीचे आहे.

रेघ मारून झाली की स्वयंपाकघराचे दार लावून घ्या. हे विसरलेल्या समित्या पहिल्याच बैठकीत फुटतात. 1510 ची रेघ चुलीपर्यंत नेली तर मिरची जाते, बटाटा जातो, टोमॅटो, काजू, पपई, पेरू, अननस, सीताफळ, मका, भुईमूग सगळे जाते, कारण हे सगळे अमेरिका खंडातले. हुमणात, म्हणजे माशांच्या आमटीत, उरतात नारळ, हळद, तिरफळ, सोलां (आमसुले) आणि तिखटाला मिरी. खोल्याची मिरची काणकोणची शान, तिला भौगोलिक मानांकनही आहे. पण तिची पणजी सातासमुद्रापलीकडली. सगळ्यांत नाजूक जागा उपासाच्या ताटात आहे. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो ब्राझीलकडचा, बटाटा पेरू देशाच्या डोंगरांतला, रताळे, शेंगदाणे, हिरवी मिरची तीही तिकडचीच. देवासमोर आपण सगळ्यांत सोवळे म्हणून जे ताट ठेवतो, त्यात भारतीय म्हणून ओले खोबरे आणि जिरे काय ते सापडतात, आणि जिरेही मूळचे आपले नव्हे. देवळाच्या अंगणातला देवचाफा अमेरिकेतला, दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोतला. चवथीला गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीला कवंडाळ, कांगलां, घागऱ्यो, अंबाडे, असोला नारळ बांधून झाल्यावर मधोमध जो नीरफणस डौलाने लोंबतो, तो पॅसिफिक बेटांवरून आला आहे.

घाबरू नका. पदार्थाच्या नावाआधी ‘आजीच्या हातचा’ एवढे दोन शब्द लावा. आजी हा आपल्या इतिहासातला सर्वांत जुना कालखंड आहे. त्याच्या खाली कोणी उत्खनन करत नाही.

आंबा तरी आपला ना? अगदी आपला. फक्त कलमे बांधून जाती टिकवण्याचे काम जेझुइट पाद्र्यांनी केले, मानकुराद हे नाव ‘मालकोराद’ म्हणजे वाईट रंगाचा या पोर्तुगीज शेऱ्यावरून पडले, आणि हापूस म्हणजे अल्फोन्सो हे नाव, ज्याच्यामुळे आपण रेघ मारली त्याच आफोंसोवरून आल्याचे सांगतात. मे महिन्यात समितीची बैठक ठेवूच नये.

पावाचेही असेच. विहिरीत पाव टाकला की गाव बाटते, असे मानणाऱ्यांची पणतवंडे आज सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला नाही तर गोंयकारपण बुडाले म्हणून गळा काढतात. दोन्ही वेळा संस्कृतीच धोक्यात होती, याची नोंद घ्या. उंडो आणि पोळी हे गोव्याचे पाव, अस्सल असतील तर सुरेने, म्हणजे माडाच्या ताडीने, आंबवायचे असतात. माडावर चढणारा रेंदेर मिळेनासा झाला तशी सूर गेली आणि भट्टीत यीस्ट आले. पण पाट्यांवर ‘पारंपरिक’ हा शब्द वाढला तो त्यानंतरच. परंपरेतला माणूस निघून गेला की तो शब्द रंगवायला जागा होते.

हे आपणच करतो असे वाटून ओशाळू नका. स्कॉटलंडमधल्या प्रत्येक घराण्याचा आपापला चौकडीचा नमुना ‘अनादी’ मानतात; ती टूम जोरात आली राजा चौथा जॉर्ज 1822 मध्ये एडिंबरोला गेला त्या सोहळ्याने. जपानने पिठात घोळवून तळायची रीत सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडून घेतली आणि टेंपुरा म्हणून जगाला खाऊ घातली. तिथे त्याला कोणी गुलामीची खूण म्हणत नाही. तेवढी प्रगती त्यांची व्हायची आहे.

आता भाषा. इथे दोन गट करून घ्या, त्याशिवाय रंगत नाही. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी ‘श्रीचावुंडराजें करवियलें’ अशी ओळ कोरलेली आहे. मराठीवाल्यांनी ती आद्य मराठी म्हणायची, कोकणीवाल्यांनी आद्य कोकणी. ओळ तीच, अक्षरे तीच, फक्त आवाज वरचढ लागतो. शिलालेख कर्नाटकात, मूर्ती जैन, त्यामुळे मालकीचा वाद निवांत चालवता येतो. वय वाढवायचे असेल तर सरकारी सोयही आहे. 2004 मध्ये तमिळला अभिजात दर्जा देताना अट हजार वर्षांची होती, लगेच पुढच्या वर्षी ती दीड ते दोन हजारांवर नेली. मराठीला हा दर्जा मिळाला 3 ऑक्टोबर 2024 रोजी. त्याच दिवशी आसामी, बंगाली, पाली आणि प्राकृतलाही मिळाला, हे सत्काराच्या भाषणात सांगायची गरज नाही.

मराठीच्या थोरवीसाठी ‘जैशी हरळांमाजी रत्नकिळा’ ही ओवी म्हणा. अप्रतिम आहे. ती लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट होते आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यातल्या राशोलला, रोमन लिपीत छापले गेले. म्हणजे मराठीचे सर्वांत गाजलेले कौतुक एका इंग्रजाने, पोर्तुगीज अमलात, परक्या लिपीत छापून घेतले. ओवी खड्या आवाजात म्हणावी आणि कवीचे नाव घेताना माईक थोडा लांब धरावा. कोकणी गटाने फार हसू नये. गोव्याच्या मातीतला म्हणून मिरवला जाणारा तियात्र हा कोकणी नाट्यप्रकार 17 एप्रिल 1892 रोजी मुंबईत जन्मला.

वाद्याचा अस्सलपणा कातड्यावर ठरतो. घुमट म्हणजे दोन तोंडांचे मातीचे मडके. रुंद तोंडावर घोरपडीचे कातडे ताणून बसवायचे, अरुंद तोंड उघडे ठेवून डाव्या तळव्याने झाकत-उघडत नाद घुमवायचा. शामेळ (ढोल) आणि कासाळे (झांजा) जोडीला आले की आरती अंगात भिनते, यात उपरोध नाही. 2019 मध्ये घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर केले. अडचण अशी की घोरपड वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, अगदी पहिल्या अनुसूचीत. म्हणून आता बकऱ्याचे कातडे बसवतात. ते जाड असते, तासून पातळ करावे लागते, आणि चवथीच्या दमट हवेत सैल पडते, म्हणून आरतीआधी विस्तवाची ऊब द्यावी लागते. जुने वादक म्हणतात, तो टणत्कार राहिला नाही. नवे म्हणतात, घोरपड राहिली हे काय कमी? समितीने दोघांचेही ऐकून घ्यावे आणि प्रमाणपत्रावर नुसते ‘चर्मवाद्य’ लिहावे. भजनातल्या पेटीबद्दल कोणी बोललाच तर सांगा, ती युरोपातून आली म्हणून नव्हे, मींड आणि श्रुती निघत नाहीत म्हणून आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत बंद ठेवली होती. संस्कृतिरक्षण आकाशवाणीत चालले होते तोवर गावोगावच्या देवळांत पेटी वाजत राहिली आणि परंपरा होऊन बसली.

देवळाचा जीर्णोद्धार हा या कृतीतला मुख्य पदार्थ, तिथे हात आखडू नका. जुने देऊळ चिऱ्याचे, चुन्याचे, लाकडी खांबांचे आणि मंगळुरी कौलांचे असते. चिरा सच्छिद्र असतो, पावसात पाणी पितो आणि पाऊस गेला की चुन्यातून सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा मारा. पाणी आत अडकते, दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे सुटतात आणि ‘वास्तू जीर्ण झाली’ असा ठराव घेता येतो. ठराव झाला की पाडून स्लॅब घाला. गोव्याच्या पावसात सपाट स्लॅब गळणारच. मग त्यावर लोखंडी सांगाडा करून पत्रे चढवा. कोरीव खांब जुन्या वस्तूंच्या दुकानदाराला द्या, ते पुढे हॉटेलात पर्यटकांना ‘ऑथेंटिक गोवा’ म्हणून दिसतात. म्हणजे वाया काहीच जात नाही.

भिंतीवर कावी निघाली तर? शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा, वर तांबड्या मातीचा थर, आणि तो ओला असतानाच लोखंडी सळईने कोरून खालचा पांढरा उघडा करायचा, असे ते काम. थर सुकला की कोरताना कडा तुटतात, म्हणून एका दिवसात पुरी होईल एवढीच भिंत घ्यावी लागते. एवढी दगदग करणारा कारागीर आता कुठून आणणार? डिस्टेंपरचे दोन हात द्या. नंतर पाटीवर ‘प्राचीन’ लिहा, आणि तारीख टाकू नका. मंगेशीचा देव 1560 च्या सुमारास कुशस्थळीहून प्रियोळला आला, ही गोष्ट अभिमानाने सांगा. घुमट, कमानीच्या खिडक्या, कठडे आणि झुंबरे पाहून पाहुणा ‘जरा चर्चसारखे वाटते’ म्हणालाच तर त्याला प्रसाद द्या. तोंड भरलेले असले की प्रश्न थांबतात.

मिरवणुकीचे फार शिकवायला नको. शिगम्याचा चित्ररथ ट्रकवर, कार्निव्हलचाही ट्रकवर, मध्ये काही आठवड्यांचे अंतर. कार्निव्हलचा थर्माकोलचा राजा मोमो उतरवला की त्याच सांगाड्यावर थर्माकोलचा रावण बसतो. उंची विजेच्या तारांखाली ठेवा, राक्षसाचा हात तारेला लागून रस्ता अंधारात गेल्यास गुण कापतात. घोडेमोडणी, गोफ, तालगडी हे गावच्या मांडावर रात्रभर चालते, पण तिथे परीक्षक येत नाहीत.

शेवटी दोन वस्तूंपासून सावध राहा. दोन्ही खरोखरच जुन्या आहेत.

पहिली उसगाळीमळची. कुशावतीच्या काठी जांभ्या दगडाच्या सपाट कातळावर बैल, नाचणारी बाई, चक्रव्यूहासारखी वर्तुळे कोरलेली आहेत. इतिहासपूर्व काळातली. पावसाळ्यात नदी त्यावरून वाहते. तिचा दोष असा की कोरणाऱ्याचे नाव नाही, जात नाही, धर्म नाही, त्यामुळे तिच्यावर हक्क सांगून कोणाला खिजवता येत नाही. हरवळेची गुंफा बरी, तिला निदान ‘पांडवांची’ म्हणता येते.

दुसरी खाजन, म्हणजे खाडीकाठची बांधाआडची शेती. माती, पेंढा, बांबू आणि चिरे घालून बांध घातलेला, मध्ये मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर जायची वाट. मानशीचे लाकडी दार भरतीच्या पाण्याच्या रेट्याने आपोआप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडते. ना मोटार, ना वीज. आत कोरगुट भात, खाऱ्यातही येणारे. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून गावकारी या ग्रामसंस्थेने हे सांभाळले. पण खेकडा बांधाला भोक पाडतो, ते त्याच दिवशी चिखलाने बुजवावे लागते, नाहीतर पुढच्या उधाणाला बांध फुटतो आणि खारे झालेले शेत धुऊन निघायला कैक पावसाळे जातात. चिखलात उतरून भोके बुजवण्याला स्पर्धा नाही, ढाल नाही, आणि मानशीला फीत बांधून कापता येत नाही.

म्हणून खाजन सोडून द्या. मासळीसाठी मानशीचे दार भरतीला उघडे ठेवणारे कोणी ना कोणी असतेच, त्याला अडवू नका. दोन-चार वर्षांत शेत पडीक होते, आणि तिथे ‘पारंपरिक कृषी संस्कृती भवन’ उभारायला ऐसपैस जागा मिळते. भरावाची लाल माती डोंगर कापून मिळते, डंपर रात्री आणावेत. भराव घालताना मानशीचे जुने फळकूट हाती लागले तर फेकू नका. घासून, वार्निश मारून स्वागतकक्षात टांगा, खाली ‘सुमारे 5000 वर्षे जुने’ अशी चिठ्ठी लावा.