पातळाला वजन नसतं

डाएट सोमवारी सुरू करायचं असतं आणि त्याचा निर्णय रविवारी दुपारी हात धुताना घ्यायचा असतो. बोटांना मटणाचा वास असताना घेतलेला निर्णय मनापासूनचा असतो. घरच्यांना तिथंच, बेसिनपाशी सांगून टाका, "उद्यापासून बंद." काय बंद, ते सांगू नका. तपशिलात शिरलेला माणूस अडकतो.

तुम्हाला स्वतःला मात्र काय बंद करायचं ते ठाऊक पाहिजे. चपाती बंद करायची. कोल्हापुरात डाएटचा पहिला बळी चपातीच असते, कारण ती मोजता येते. चार खात होता त्या दोन करा आणि चारचौघांत सांगत सुटा. पाठोपाठ चहातली साखर सोडून गूळ घाला. आपला गूळ साधासुधा नाही, त्याला 2014 पासून भौगोलिक मानांकन आहे. मानांकन मिळालेली वस्तू अंगाला कशी लागेल? शंभर ग्रॅम साखरेत 400 च्या आसपास कॅलरी, शंभर ग्रॅम गुळात 380 च्या आसपास. वीस वाचल्या की नाही? मग चहात एक खडा जादा पडला तर काय बिघडलं.

आता मुख्य नियम. जे चावावं लागतं ते अन्न, जे ओरपता येतं ते पाणी. पाण्याला कॅलरी नसतात हे शाळकरी पोरालाही माहीत असतं.

हा नियम कुणी बनवला ते माहीत नाही, पण अख्ख्या शहराला तोंडपाठ आहे. जेवून उठल्यावर माणूस हिशेब सांगतो तो ऐका. चपात्या दोन, भात एक मूद, सुकं एक वाटी. रस्सा किती? त्याचा हिशेब नसतो. खानावळीच्या फळ्यावरही तो मोजलेला नसतो, थाळीच्या दरात तो पाहिजे तितका. ज्याचे पैसे लागत नाहीत त्याच्या कॅलरी कशा लागतील?

सुरुवात पांढऱ्या रश्श्यापासून करा. वाढपी येतो, "पांढरा वाढू काय?" म्हणतो. तुम्ही "नको नको" म्हणायचं आणि त्याच वेळी वाटी पुढं सरकवायची. नवख्यांना हे दोन्ही एकदम जमत नाही, पण सरावानं येतं. पांढऱ्याचं वैशिष्ट्य असं की तो दिसायलाच सात्त्विक असतो. सर्दी झाली की देतात, ताप उतरला की देतात, बाळंतीण म्हणून देतात. औषध मोजून कोण ठेवतं? मटण शिजवलेलं अळणी पाणी, त्यात नारळाचं दूध, वाटलेले काजू, खसखस, तीळ. चौघंही तेलकट घराण्यातले, पण पांढरे कपडे घालून आलेत म्हणून त्यांना कुणी हटकत नाही. स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅममध्ये 9 कॅलरी असतात, पिठाच्या नाहीतर प्रथिनाच्या एका ग्रॅममध्ये 4. म्हणजे चपाती परत पाठवून पांढऱ्याची तिसरी वाटी घेणारा गडी चाराचा माल टाकून नवाचा उचलतो. हे गणित जेवणाच्या पंगतीत काढू नका. लोक जेवायला बोलवायचे बंद होतील.

तांबड्याचं थोडं अवघड आहे, कारण त्याचा तवंग दिसतो. त्यावर उपाय आहे. वाटी धरून जरा हलवा, तवंग आत जातो. आत गेला की नाही. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात 120 च्या आसपास कॅलरी असतात असं कुणी म्हणालंच, तर तिखटानं चरबी जळते असं ठणकावून सांगा. कांदा-लसूण मसाल्यानं घाम येतो आणि घाम आला म्हणजे व्यायाम झाला. नाकातून पाणी आलं तर तो दुप्पट झाला.

(आता खरं सांगायचं तर त्या ताटातला सगळ्यात निरुपद्रवी माल म्हणजे सुक्यातले तुकडे. त्यात प्रथिनं असतात, पोट लवकर भरल्यासारखं वाटतं आणि नंतर बराच वेळ भूक लागत नाही. पण तुकडे महाग, म्हणून मोजून येतात, आणि डाएटवाला नेमका तिथंच हात आखडता घेतो.) तुम्हीही तसंच करा. दोन तुकडे आणि नळी पोराच्या ताटात टाका. त्याग सगळ्या टेबलाला दिसतो. आणि टाकून झालं की वाटी परत पुढं करा.

रात्रीचं जेवण सोडायचं असेल तर गंगावेशीतला दूध कट्टा गाठा. म्हैस समोर उभी, धार समोर काढलेली, फेसासकट ग्लास हातात. असला पारदर्शक कारभार दुसरीकडं कुठं मिळणार? फेसात हवा असते, तेव्हा वरचा भाग हिशेबातून वजा. उरलेल्या म्हशीच्या दुधाच्या दर शंभर ग्रॅममध्ये शंभराहून थोड्या जादा कॅलरी असतात, म्हणजे पाव लिटरच्या ग्लासात अडीचशेच्या वर. एका मध्यम, बिनतुपाच्या चपातीत शंभरेक असतात. सकाळी डब्यातून ज्या दोन चपात्या वगळल्या त्या रात्री मिशीला फेस लावून परत आल्या, आणि येताना अर्धी बहीण घेऊन आल्या. पण घरी गेल्यावर तुम्ही काय सांगणार? "जेवलो नाही आज. नुसतं दूध प्यालो." त्यातलं 'नुसतं' फार महत्त्वाचं, त्यावर जोर देऊन म्हणा. दुसरा ग्लास घेतला असेल तर अजून थोडा जोर द्या.

कुणी टोकलंच तर तालमीकडं बोट दाखवा. या गावाला शाहू महाराजांनी कुस्तीचं वेड लावलं, 1912 मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं, पेठापेठांतून तालमी घुमल्या. दूध, तूप, बदाम-खसखशीची थंडाई, मटण हा पैलवानाचा खुराक. तो पैलवान अंधारात उठायचा, जोर मारायचा, शेकड्यांनी बैठका काढायचा, मातीत लढती करायचा आणि संध्याकाळी पुन्हा तेच. आपण या परंपरेचे वारस आहोत. वाटण्या झाल्या तेव्हा बैठका थोरल्या घराकडं गेल्या आणि आपल्या वाट्याला खुराक आला, त्याला आपला काय इलाज? चुलत आजोबा कधीतरी तालमीच्या कट्ट्यावर बसायचे एवढा पुरावा पुष्कळ झाला. पोट दिसायला लागलं तर त्याला 'अंगापेरानं मजबूत' म्हणतात.

व्यायाम अर्थातच करायचा. रंकाळ्यावर पहाटे जा. नवे बूट घ्या, हातात पावलं मोजणारं घड्याळ बांधा आणि ओळखीचा माणूस भेटेपर्यंत चाला. भेटला की थांबा, राजकारण बोला, घड्याळाचा हात हलवत बोला. सत्तर किलोचा माणूस तासभर झपझप चालला तर अडीचशे-तीनशे कॅलरी जातात, म्हणजे कट्ट्यावरच्या एका ग्लासाची फेड कशीबशी होते. तुम्ही अर्धा तास चालला, त्यातला बाकावर बसलेला वेळ धरून. एवढे कष्ट झाल्यावर मिसळ खाणं हा हक्कच आहे. इथंही आपला नियम विसरू नका. फरसाण कमी घाला, ते चावावं लागतं. स्लाइस ब्रेडही दोनच, पोरांसमोर आदर्श पाहिजे. कट, म्हणजे मिसळीवरचा रस्सा, मात्र पुन्हा मागवा, तो पातळ असतो. वाढणारा स्वतःच भांडं घेऊन फिरतो, त्याचं मन मोडू नये. वरून दही मागवलं की सगळं थंड पडतं, कॅलरीसुद्धा.

आठवड्यातून एकदा चीट डे ठेवावा असं मोबाईलवरची माणसं सांगतात. ती माणसं बाहेरगावची असावीत. आपल्याकडं रविवार मटणाचा, बुधवारीही मटणाच्या दुकानापुढं रांग लागते, शुक्रवारी अंडी तरी होतात. उपवासाला साबुदाण्याची खिचडी. आषाढ आला की त्र्यंबोलीची यात्रा, गल्लीत मटणाचे वाटे. ते आवरतं तोवर श्रावण येतो आणि पुरणपोळी घेऊन येतो. पुढं गणपती, नवरात्र, दसरा, दिवाळी. मधे कुणाचं तरी बारसं. या गर्दीत डाएटचा एक दिवस कुठं बसवायचा तेवढं बघा. त्यालाच चीट डे म्हणावं.

अर्थात हिशेबी माणसं गप्प बसत नाहीत. ती म्हणतात, शरीरातली एक किलो चरबी म्हणजे अंदाजे 7700 कॅलरी. रोज पाचशे कमी खाल्ल्या तर आठवड्याला अर्धा किलोच्या जवळपास उतरेल. सोमवार ते शनिवार तुम्ही ते इमानेइतबारे केलं तर तीन हजार शिल्लक पडल्या. रविवारी दुपारी थाळी, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ, वर आइस्क्रीम आणि रात्री 'नुसतं दूध' असं धरलं तर त्यातल्या निम्म्या तरी त्याच दिवशी गेल्या. बुधवार अजून धरलेलाच नाही. या माणसांना सांगा, आम्ही मनानं चांगले आहोत, वहीनं नव्हे.

पाहुण्यांकडं गेल्यावर तर वहीचा विचारच करू नका. आत्तीला "डाएट करतोय" म्हणून बघा. ती आधी तुमच्याकडं बघेल, मग तुमच्या बायकोकडं बघेल. "का गं, जेवायला घालत न्हाईस व्हय ह्याला? कसा उतरलाय बघ तोंडावर." तोंड जसंच्या तसं असतं. पण तोवर तुपाची वाटी पुरणपोळीवर उपडी झालेली असते आणि आत्ती म्हणत असते, "घे रं, एवढ्यानं काय हुतंय." या वाक्याला आजवर कुणाला उत्तर सापडलेलं नाही. तुम्ही शोधू नका. पोळी दुधात कुस्करून घ्या. कुस्करली की ती पातळात मोडते.

वजन कधी करायचं, हेही शिकून घ्या. सोमवारी सकाळी अजिबात नाही. रविवारच्या मिठानं अंगात पाणी धरून ठेवलेलं असतं आणि काटा एकदम एक-दीड किलो वर गेलेला दिसतो. ते बहुतेक पाणीच असतं, दोन-तीन दिवसांत उतरतं. या एका गोष्टीत तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, म्हणून ती वर्षभर पुरवून वापरा. गुरुवारी काटा खाली आला की ती चरबी जळाली असं धरा आणि तो आनंद रविवारी साजरा करा. तरीही आकडा हलला नाही तर थायरॉईडची तपासणी करून या. रिपोर्ट नॉर्मल आला तर लॅब बदला.

शेवटी उरतो बीएमआय. किलोमधलं वजन घ्यायचं, मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. जगात इतर ठिकाणी 25 च्या पुढं जादा वजन धरतात आणि 30 पासून लठ्ठपणा. आपल्याला मात्र 23 लाच जादा ठरवतात आणि 25 पासून लठ्ठ. कारण असं देतात की तेवढ्याच वजनात आपल्या अंगावर चरबी जास्त असते, तीही पोटावर, आणि मधुमेह आपल्याला लवकर गाठतो. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत, बाईची 80 च्या आत पाहिजे म्हणे. पट्ट्याला नवीन भोक पाडणाऱ्या चांभाराला विचारा, या गावात किती जण आत आहेत.

हा सरळ सरळ अन्याय आहे आणि अन्याय सोसायची आपल्याला सवय नाही. टोल बसला तर वर्षानुवर्षं लढून तो घालवला. 2019 मध्ये मटणाचा दर चढला तेव्हा त्यावरही कृती समिती उभी राहिली. मग बीएमआयच्या मर्यादेवर का नको? 'बीएमआय दरवाढ कृती समिती' काढा. मागणी एकच, आमची हद्द 30 ला न्या, आणि नेईपर्यंत काट्यावर पाय ठेवणार नाही. मोर्चा रविवारी सकाळी बिंदू चौकातून निघेल. घोषणा द्यायच्या आहेत, तेव्हा कुणीही उपाशीपोटी येऊ नये, चक्कर येते. नाष्ट्याची सोय समितीतर्फे आहे. आंदोलनाला गालबोट लागू नये म्हणून ब्रेड प्रत्येकी दोनच मिळतील. कट पाहिजे तेवढा.